'आज फक्त तीन जागा शिल्लक': भविष्य सांगणाऱ्यांच्या जाहिरातींचं काम घ्यावं का?

कस्तुरी_क | १२ जून, रात्री १०:४०

मी कोथरूडला राहते आणि घरून जाहिरातींचं काम करते. मजकूर लिहायचा, फेसबुक-इन्स्टावर जाहिराती चालवायच्या, महिनाअखेरीला हिशोब द्यायचा. घरगुती केक करणाऱ्या दोघी, एक डेंटिस्ट, दोन क्लासेस, एक गादीवाले अशी माझी गिऱ्हाइकं.

गेल्या आठवड्यात ओळखीतून मोठं काम आलंय. एक बाई टॅरो (चित्रांचे पत्ते काढून भविष्य सांगणं), 'इंट्युटिव्ह रीडिंग' आणि 'गेलेल्या माणसाशी संवाद' करतात. बाणेरला ऑफिस आहे, हाताखाली सहा मुली फोनवर बसतात. मला महिना ३५ हजार देणार, सहा महिन्यांचा करार. माझं आत्ताचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक १२ हजार देतं, म्हणजे हे किती मोठं आहे ते लक्षात येईल.

जाहिरातीत त्यांना काय हवंय ते त्यांनी सांगितलं. 'पहिली पाच मिनिटं मोफत.' 'आज फक्त तीन जागा शिल्लक', आणि हे रोज. '१०० टक्के खात्री.' शिवाय लोकांचे अनुभव म्हणून पंधरा अभिप्राय मीच लिहून द्यायचे. "नाशिकची सविता, नागपूरचा रोहन, असं काहीतरी टाका," म्हणाल्या.

खरं सांगायचं तर एवढ्यावर मी थोडी कुरकुर करून हो म्हटलं असतं. अडले ते एका एक्सेल फाइलपाशी. जुन्या गिऱ्हाइकांची यादी, हजाराच्या वर नावं. नाव, फोन, गाव, शेवटचं पेमेंट आणि पाचवा रकाना 'दुखरी जागा'. त्यात एकदोन शब्दांत लिहिलेलं: घटस्फोट. मूल नाही. कर्ज. मुलगा गेला. यातल्या 'मुलगा गेला' वाल्या ओळी पिवळ्या रंगवल्या होत्या. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "त्या परत येतात." ही यादी फेसबुकवर चढवायची आणि त्यांच्यासारखीच आणखी माणसं शोधून द्यायला सांगायची, हे माझं पहिल्या महिन्याचं काम.

माझ्या आत्याचा मुलगा २०१९ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्यानंतर दीड वर्ष आत्या दर गुरुवारी एका माणसाकडे जात होती. तो डोळे मिटून बसायचा आणि मुलाचा निरोप सांगायचा. प्रत्येक वेळी उठताना म्हणायचा, "अजून एक निरोप राहिलाय." आम्हाला कळलं तेव्हा चार बांगड्यांपैकी दोन गेल्या होत्या. बांगड्यांचं मला तितकं काही वाटलं नाही. आत्याने त्या दिवशी विचारलं, "मग आता गुरुवारी मी कुठं जाऊ?" ते मनातून जात नाही.

ज्योतिष खरं की खोटं हे इथे विचारत नाहीये. तो वाद या फोरमवर शंभरदा झालाय. माझा प्रश्न जाहिरातीपुरता आहे. अटी घालून हे काम घेता येईल का? की काही कामांना अटी लावूनही उपयोग नसतो?

शनिवारपेठी | रात्री १०:५२

नाही म्हणा. पिवळ्या ओळी वाचल्यावर पुढचं वाचायची गरज उरली नाही.

निनाद_हिंजवडी | रात्री ११:१५

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. भीती आणि आशा कोण विकत नाही? 'तुमच्यानंतर मुलांचं काय' म्हणून विमा विकतात. 'आत्ता नाही तर कधीच नाही' म्हणून आठवीच्या पोराला आयआयटीचा क्लास लावतात. आमच्या रस्त्यावर एका बिल्डरचा 'शेवटचे तीन फ्लॅट' असा फलक दोन वर्षं आहे. त्यांची जाहिरात केली तर चालते आणि टॅरोवाल्या बाईंचीच का नाही? लोक सज्ञान आहेत, स्वतःच्या पैशाने जातात. खोटे अभिप्राय लिहू नका, बाकीचं काम घ्या. घराचा हप्ता भरणाऱ्या माणसाला ३५ हजार सोड म्हणणं बाहेरच्यांना सोपं असतं.

रेवा_एरंडवणे | रात्री ११:३१

निनाद, विमा कंपनीने मेलेल्या माणसाचा दाखला पाहिल्यावर पैसे द्यायचे असतात, नाही दिले तर भांडायला जागा आहे. 'मुलाचा निरोप' चुकीचा निघाला तर आत्यांनी कुठे जायचं?

शिवाय 'सज्ञान' हा शब्द जरा जपून वापरावा असं वाटतं. माझे वडील गेले त्या महिन्यात मी बँकेत सही करताना स्वतःचं आडनाव विसरले होते. त्या महिन्यात मला कुणी काहीही विकलं असतं.

काळा_कोट | १३ जून, सकाळी ७:२०

कस्तुरीताई, मी वकिली करतो, म्हणून तुमच्या अंगावर काय येऊ शकतं तेवढं सांगतो.

आपल्याकडचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. सरसकट सगळ्या भविष्यकथनावर तो बंदी घालत नाही. ज्योतिषी, नंदीबैलवाले ज्योतिषी, वास्तुशास्त्राचा सल्ला यांना त्यात स्पष्ट सूट आहे. पण तथाकथित चमत्काराच्या नावाखाली पैसे मिळवणं, फसवणं, दहशत बसवणं हा गुन्हा आहे, आणि तो स्वतः करणं, दुसऱ्यामार्फत करणं, त्याचा प्रचार करणं हे सगळं त्यात येतं. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच ते पन्नास हजार दंड, अजामीनपात्र. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने टीव्हीवरच्या यंत्र-तावीज विकणाऱ्या जाहिराती याच कायद्याखाली बेकायदा ठरवल्या. जाहिरातीचा संबंध येतोच तो असा.

आजार बरा करण्याचा दावा असेल तर १९५४ चा औषधे व जादूई उपाय जाहिरात कायदा आहे. त्यात 'जादूई उपाय' या व्याख्येत तावीज, मंत्र, कवच ही नावं घेऊन लिहिलेली आहेत.

तुमच्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचा मात्र २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड. २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं जाहिरात संस्थेलाही लागू आहेत, म्हणजे 'मी फक्त मजकूर लिहिला' हा बचाव पुरणार नाही. आणि २०२३ मध्ये सरकारने तेरा 'डार्क पॅटर्न'ची, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला फसवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या युक्त्यांची, यादी काढली, त्यात पहिलाच आहे खोटी घाई. 'आज फक्त तीन जागा' रोज लिहिणं म्हणजे तेच.

निनादराव, तुमच्या बिल्डरचा फलकही त्यातच बसतो, हे तुमच्या बाजूने मान्य.

निनाद_हिंजवडी | सकाळी ८:०५

मग बिल्डरवर धागा काढा कुणीतरी. मी पहिला प्रतिसाद देईन.

दशमस्थान | सकाळी ९:४८

मी सदाशिव पेठेत एकतीस वर्षं पत्रिका पाहतो, तेव्हा माझंही ऐकून घ्या.

आमच्या घरात दाराबाहेर पाटीसुद्धा नव्हती. वडील म्हणायचे, ज्याला गरज आहे त्याला पत्ता सापडतो. मी पाटी लावली, तेवढीच. वडिलांचे चार नियम मी पाळत आलो. मृत्यू सांगायचा नाही. खडा विकायचा नाही. सांगितलाच तर माणसाने हव्या त्या सराफाकडून घ्यावा, दुकानाचं नाव घ्यायचं नाही. एकाच प्रश्नासाठी सहा महिन्यांच्या आत पुन्हा आलेल्याला परत पाठवायचं. आणि डॉक्टर, वकील, पोलीस यांच्याकडे जायचं काम असेल तर पत्रिका उघडायच्या आधी तिकडे धाडायचं. गेल्या वर्षी एक मुलगी लग्नाचा योग विचारायला आली होती, तिच्या मनगटावर वळ होते. पत्रिका बाजूला ठेवली आणि तिच्या मामांना फोन लावला.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो, जी आमच्यातले पुष्कळजण उघड बोलत नाहीत. शनी एका राशीत अडीच वर्षं असतो आणि साडेसाती मागची, चालू आणि पुढची अशा तीन राशींना लागते. म्हणजे कुठल्याही दिवशी बारापैकी तीन राशींना साडेसाती आहेच. आत्ता कुंभ, मीन, मेष. 'तुम्हाला साडेसाती आहे का? त्वरित संपर्क साधा' अशी जाहिरात रस्त्यावरच्या चौथ्या माणसाला लागू पडते. मंगळाचंही तेच. पहिलं, चौथं, सातवं, आठवं, बारावं, इतक्या घरांतला मंगळ धरला की बारात पाच झाले. इतक्या मुलींना 'दोष' आहे म्हणून घाबरवणं हे शास्त्र नव्हे. आणि ज्या कालसर्प दोषाच्या शांतीला लोक कर्ज काढून जातात तो वराहमिहिराच्या बृहज्जातक या ज्योतिषाच्या जुन्या ग्रंथात नाही.

याच वराहमिहिराने शास्त्र न शिकता दैवज्ञ म्हणून मिरवणाऱ्याला 'नक्षत्रसूचक' असं नाव ठेवून पंक्तीबाहेर काढलंय. सहाव्या शतकातली गोष्ट. तेव्हा ही तक्रार आजची नाही, आणि ती आमच्या घरातूनच झालेली आहे.

कस्तुरीताई, ती यादी पाहून मला लाज वाटली. माझ्याकडेही वही आहे. तिच्यात जन्मवेळ असते, दुखरी जागा नसते.

विवेकवाट | सकाळी ११:१०

दशमस्थान, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे, पण माझा प्रश्न तुमच्या नियमांच्या आधीचा आहे. मी अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतो. ज्या गोष्टीचं भाकीत करता येतं असा दावा आहे ती मुळात तपासून पाहिली गेली आहे, आणि तीही इथे पुण्यात. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका, कुठली कुणाची ते ओळखायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सर्वांत चांगला निकाल २४ बरोबर, सरासरी २० च्याही खाली. नाणं उडवलं असतं तरी २० आले असते. एका संस्थेने २०० पत्रिका घेतल्या, १०२ बरोबर.

म्हणून माझं म्हणणं, सौम्य जाहिरात आणि भडक जाहिरात असा फरक करत बसू नका. मालच नाही, तर पाटी सभ्य असून काय?

ओंकारेश्वराजवळच्या पुलावर २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्या. वर ज्या कायद्याची कलमं सांगितली त्यासाठी ते अनेक वर्षं खपले, आणि वटहुकूम निघाला तो ते गेल्यावर. मी त्या पुलावरून रोज जातो. त्यामुळे या विषयावर मला मवाळ बोलता येत नाही, समजून घ्या.

दशमस्थान | सकाळी ११:४०

विवेकवाट, त्या चाचणीवर आमच्या लोकांचे आक्षेप होते, ते इथे उगाळत नाही. धाग्याचा विषय तो नाही. दाभोलकरांची सभा मी ऐकलेली आहे, शेवटच्या रांगेत बसून. मला प्रश्न विचारायचा होता, विचारला नाही, राहून गेलं.

मध्यरात्र | दुपारी ३:०५

मी हे आजवर फक्त बहिणीला सांगितलंय. अशाच एका ॲपसाठी आठ महिने फोनवर बसत होते. नाव लिहीत नाही.

माझं शिक्षण बी.कॉम. टॅरोचा दोन आठवड्यांचा कोर्स केला होता, तेवढ्यावर 'दहा वर्षांचा अनुभव' असं माझ्या फोटोखाली कंपनीने लिहिलं. फोटोही जरा वयस्कर दिसेल असा काढून घेतला. गिऱ्हाइकाला पहिला कॉल पाच रुपयांत, नंतर मिनिटाला तीस. त्यातले मला दहा मिळायचे. स्क्रीनवर कोपऱ्यात घड्याळ चालू असायचं आणि त्याच्याखाली त्या माणसाच्या खात्यात किती शिल्लक आहे ते दिसायचं. शिल्लक संपत आली की आकडा लाल व्हायचा. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं की लाल झाल्यावर 'मला एक नाव दिसतंय' असं म्हणायचं आणि थांबायचं. माणूस रिचार्ज करतोच.

अकरा मिनिटांच्या आत बोलणं संपलं तर तुमचं नाव यादीत खाली जातं. त्यामुळे चांगली बातमी पटकन सांगायची नाही. एकदा एका मुलाने विचारलं, "नोकरी लागेल का?" मी दुसऱ्याच मिनिटाला म्हटलं, "लागेल, अर्ज करत राहा," तर टीम लीडरने मेसेज टाकला की असं संपवू नका.

शेवटची बाई रात्री दीडला आली. बोलतच नव्हती. मग म्हणाली, "गोळ्या समोर आहेत, घेऊ का नको ते पत्ते काढून सांगा." मी पत्ते काढले नाहीत. तिच्या नवऱ्याला उठवायला लावलं आणि तो फोनवर येईपर्यंत बोलत राहिले. चाळीस मिनिटं झाली. त्याचे तिच्या खात्यातून बाराशे रुपये कापले गेले आणि त्यातले चारशे माझ्या नावावर जमा झाले. दुसऱ्या दिवशी कंपनीकडून 'उत्तम कॉल' म्हणून शाबासकी आली. मी त्याच दिवशी सोडलं.

कस्तुरी, त्या ऑफिसात फोनवर बसणाऱ्या सहा मुली आहेत म्हणालीस ना? त्यांच्या स्क्रीनवर काय दिसतं ते एकदा बघ.

रेवा_एरंडवणे | दुपारी ३:२०

मध्यरात्र, तुम्ही सांगितलंत ते फार बरं केलंत. त्या बाईला तुमच्यामुळे रात्र निघाली.

छपाईवाले_काका | संध्याकाळी ५:४५

नारायण पेठेत आमचा छापखाना होता. खिळे जुळवायच्या काळापासून. तेव्हा अशी हँडबिलं भरपूर यायची. पिवळा किंवा गुलाबी छोटा कागद, हजार प्रती. 'बंगाली बाबा', 'वशीकरण', 'सवतीपासून सुटका', 'काम न झाल्यास पैसे परत'. स्वारगेटला एसटीच्या खिडकीतून मांडीवर पडायची ती. मजकूर सगळ्यांचा एकच असायचा, नाव आणि लॉजचा खोली क्रमांक तेवढा बदलायचा. आमचा खिळे जुळवणारा कंपोझिटर तर जुळवलेला फर्मा मोडायचाच नाही, बांधून ठेवायचा, पुढच्या बाबासाठी.

वडील छापून द्यायचे. म्हणायचे, "आपण शाई लावतो, मजकूर त्यांचा." १९९४ साली आमच्याच मशिनवर काम करणाऱ्या माणसाची बायको त्या हँडबिलावरचा पत्ता घेऊन गेली आणि मंगळसूत्र देऊन आली. तो माणूस आमच्यासमोर ते हँडबिल घेऊन उभा राहिला. खाली बारीक अक्षरात आमच्या छापखान्याचं नाव होतं, तेव्हा कायद्याने छापावंच लागायचं. वडिलांनी त्याच्या बायकोला मंगळसूत्र करून दिलं आणि ते काम कायमचं बंद केलं.

तुमच्या फेसबुकवरच्या जाहिरातीखाली लिहिणाऱ्याचं नाव येत नाही, हाच फरक.

समीर_न्यूजर्सी | रात्री ८:३०

इथे अमेरिकेत याचं सर्वांत गाजलेलं प्रकरण म्हणजे 'मिस क्लिओ'. नव्वदच्या दशकाच्या शेवटी टीव्हीवर रात्रंदिवस जाहिरात. जमैकन ढंगात बोलणारी बाई, प्रत्यक्षात जन्म लॉस एंजेलिसचा. मोफत भविष्य म्हणून फोन करायला लावायचे आणि मिनिटाला ४.९९ डॉलर लागायचे. २००२ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने खटला भरला. तडजोडीत कंपन्यांना लोकांकडची ५० कोटी डॉलरची थकबाकी सोडून द्यावी लागली आणि वर ५० लाख डॉलर भरावे लागले.

लक्षात घेण्यासारखं हे की भविष्य खरं होतं का, या वादात सरकार शिरलंच नाही. 'मोफत म्हणालात आणि पैसे घेतलेत' एवढं पुरलं. कस्तुरीने प्रश्न जाहिरातीपुरता ठेवलाय तो म्हणूनच बरोबर आहे.

ब्रिटनमध्येही १९५१ चा खोट्या माध्यमांविरुद्धचा कायदा २००८ मध्ये रद्द करून हा सगळा धंदा साध्या ग्राहक कायद्याखाली आणला. तेव्हापासून तिथे 'केवळ मनोरंजनासाठी' अशी ओळ टाकायची पद्धत रुळली.

रेवा_एरंडवणे | रात्री ८:५०

मुलगा गेलेल्या बाईच्या पानावर 'केवळ मनोरंजनासाठी' लिहिलं तर ती ओळ कुणाला वाचवते? वाचणाऱ्याला की लिहिणाऱ्याला?

पोपटपंची | रात्री ९:१०

वातावरण फार जड झालंय म्हणून एक सांगतो. आमच्या सोसायटीच्या गणपतीत एकाने हौसेनं पोपटवाल्याला बोलावलं होतं. पोपटाने सेक्रेटरींसाठी चिठ्ठी काढली, 'अचानक मोठा धनलाभ'. दुसऱ्या दिवशी सतरा सभासदांनी मेंटेनन्सचा हिशोब मागितला.

काळा_कोट | रात्री ९:१८

हिशोब मागितला हे उत्तम. पण पोपट पकडून पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे, तेवढं लक्षात असू द्या.

पोपटपंची | रात्री ९:२२

वकीलसाहेब, पोपट आता सुटलाय. नंतर प्राणीमित्रांनी येऊन नेला.

शनिवारपेठी | रात्री ९:४०

लहानपणी आमच्याकडे पहाटे पिंगळा यायचा. अंधारात कंदील घेऊन, चिपळ्या वाजवत. "दादा, यंदा घरात पाळणा हलंल" असं काहीतरी सांगायचा आणि आजी पसाभर तांदूळ घालायची. वर्षातून एकदा, पसाभर. तो कधी कुणाच्या मागे लागला नाही. फोन क्रमांकही घेऊन गेला नाही. ते आणि हे एकाच नावाखाली धरणं मला जमत नाही.

अवनी_मानसशास्त्र | रात्री १०:३०

'१०० टक्के खात्री' बद्दल. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं वर्णन' म्हणून कागद दिला. पाचपैकी गुण द्या म्हटलं. सरासरी ४.२६. मग कळलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता. 'तुम्ही वरून शांत दिसता पण आतून काळजी करता' असली वाक्यं कुणाला लागू पडत नाहीत? त्यामुळे खरे अभिप्रायसुद्धा मनापासूनच लिहिलेले असतात आणि तरी त्यांनी काही सिद्ध होत नाही. खोटे लिहायचीही गरज नव्हती त्या बाईंना.

सुलभा_पर्वती | १४ जून, सकाळी ६:१५

मी सहसा फक्त वाचते. आज लिहिते.

माझे यजमान एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेले. दवाखान्यात नेलं तेव्हा रिक्षात बसताना त्यांनी हात वर केला आणि मी किल्ली शोधत होते म्हणून पाहिलं नाही. नंतर चेहराही दिसला नाही. सहा महिने मी त्या किल्लीवरच होते. मैत्रिणीने बिबवेवाडीत एका वयस्कर बाईंकडे नेलं, त्या अशा गेलेल्यांशी बोलतात म्हणे. जाहिरात नाही, काही नाही. पाचशे रुपये घेतले. मी किल्लीचं सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ते म्हणतायत, किल्ली सापडली ना? मग झालं." मी तिथे जी रडले ती सहा महिन्यांत रडले नव्हते.

निघताना पुन्हा कधी येऊ विचारलं. त्या म्हणाल्या, "पुन्हा यायचं नाही. निरोप पूर्ण झाला. भावाकडे जा चार दिवस." आणि दार लावून घेतलं.

विवेकवाट | सकाळी ७:५०

सुलभाताई, तुमचं दुःख कळतं. तरीही विचारतो, दुखवायचा हेतू नाही. तो निरोप त्या बाईंना कळला कुठून?

सुलभा_पर्वती | सकाळी ८:०२

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. मला माहीत आहे कुठून कळला. मीच तर सांगितलं होतं सगळं.

विवेकवाट | सकाळी ८:४०

यावर मला पटकन लिहिता येत नाहीये. माझं मत बदललेलं नाही, पण तुमच्या बाईंवर मी मोर्चा नेणार नाही.

मध्यरात्र | सकाळी ९:०५

'पुन्हा यायचं नाही' हे वाक्य आमच्याकडे कुणी उच्चारलं असतं तर त्याच दिवशी काढलं असतं.

निनाद_हिंजवडी | सकाळी ९:३०

मी माझा पहिला प्रतिसाद पुन्हा वाचला. बिल्डर-विम्याचा मुद्दा मला अजून योग्य वाटतो, पण तो त्यांच्याविरुद्ध आहे, या बाईंच्या बाजूने नाही. माणूस परत आला यावर ज्याची कमाई आहे तो त्याला बरा होऊ देणार नाही. कस्तुरी, अटी घालायच्याच असतील तर एकच घाल, त्या यादीतल्या पिवळ्या ओळींवर पुन्हा जाहिरात दाखवायची नाही. काय म्हणतात बघ.

कस्तुरी_क | १८ जून, रात्री १०:१५

उशीर झाला. सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले, मग सोमवारी बाणेरला गेले.

चार अटी कागदावर लिहून नेल्या होत्या. मोफत म्हटलं तर पुढचा दर त्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरात. जागांची खोटी मोजणी नाही. अभिप्राय खरे, नाहीतर नाहीत. आणि निनादने सांगितलेली, की ज्यांच्या घरी कुणी गेलंय त्यांना शोधून जाहिरात दाखवायची नाही, आणि जुन्यांच्या मागेही लागायचं नाही. पहिल्या तीन त्यांनी चहा संपायच्या आत मान्य केल्या. मला आश्चर्य वाटलं. चौथी वाचल्यावर त्यांनी कागद परत माझ्याकडे सरकवला. "अहो, मग उरतं काय?" रागाने नाही, अगदी सरळ विचारलं त्यांनी. त्यांना खरंच कळत नव्हतं की मी धंद्याचा गाभाच का काढून टाकायला सांगतेय.

मध्यरात्र, स्क्रीन पाहिला. शिल्लक लाल होत नाही, केशरी होते.

काम घेतलं नाही. यादीची फाइल माझ्या लॅपटॉपवरून आणि मेलवरून काढून टाकली आणि तसं त्यांना लेखी कळवलं, काळा_कोट यांनी व्यक्तिगत निरोपात सांगितल्याप्रमाणे. आत्याकडे गुरुवारी मी जाते आता. आम्ही तुळशीबागेत जातो किंवा घरीच बसतो. दर वेळी जमतं असं नाही, मागच्या गुरुवारी काम होतं म्हणून गेले नाही, तर तिने फोन करून ओरडा दिला.

छपाईवाले_काका | रात्री १०:४०

पोरी, माझ्या पुतण्याचा लग्नपत्रिका छापायचा व्यवसाय आहे, त्याला इन्स्टावर जाहिरात करायची आहे. ३५ हजार देऊ शकणार नाही, पण वेळेवर देईल. क्रमांक व्यक्तिगत निरोपात टाकतो.

धायरीकर_९ | १९ जून, दुपारी १२:२०

मी इथे नवीन आहे. हा धागा वाचून आईचा फोन उघडून पाहिला. मार्चपासून एका अशाच ॲपवर ४१ हजार रुपये गेलेत. बाबा जानेवारीत गेले. आईला काही बोललो नाही अजून. पैसे परत मिळतील का माहीत नाही, पण तक्रार करायची आहे. काय काय जपून ठेवू?

काळा_कोट | दुपारी १२:५५

आधी आईशी बोला, तक्रार त्यांच्या नावाने होईल आणि त्यांच्या मनाने व्हायला हवी. ओरडू नका.

मग बँकेचं मार्चपासूनचं स्टेटमेंट काढा आणि त्या ॲपला गेलेल्या प्रत्येक रकमेवर खूण करा. ज्या जाहिरातीवरून त्या तिथे गेल्या ती सापडली तर तारखेसह तिचा फोटो ठेवा, 'मोफत' किंवा 'खात्री' असे शब्द असतील तर सोन्याहून मोलाचे. चॅट पुसू नका, ॲपही काढू नका, काढलंत की पुरावा जातो. फक्त पैसे आपोआप कापायची परवानगी दिलेली असेल तर ती बँकेतून आजच बंद करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. कुणी धमकावून किंवा खोट्या नावाने पैसे काढले असतील तर सायबरसाठी १९३०. अडलात तर इथेच लिहा.

धायरीकर_९ | संध्याकाळी ६:३०

१९१५ लागला. आई शेजारी बसली आहे, तारखा तीच सांगतेय.